सोनेरी गुडघा, काळा गुडघा आणि मधलं प्लॅस्टिक

बेळगावातल्या वडगावच्या माझ्या मावशीने आयुष्यभर मागाच्या खोलीत जमिनीवर बसून कांड्या, म्हणजे विणायच्या सुताची रिळं, भरली. आता तिचे दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरांनी "बदलून घ्या" म्हणून सांगितलं आणि सोबत एक रंगीत छापील कागद दिला. त्यावर तीन चित्रं आणि तीन भाव होते. एक चांदीसारखा चकचकीत गुडघा, एक सोनेरी आणि एक काळा. काळ्याच्या खाली ठळक अक्षरांत "३० वर्षे".

मावशीने कागद माझ्या हातात दिला. "सोन्याचा घातला तर जास्त वर्षं चालतंय काय रे?"

मी डॉक्टर नाही. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत आणि तिच्या मशिन शॉपमध्ये २५ वर्षं काढलेला माणूस आहे. पण धातू कशाने झिजतो, कशाने तुटतो हे रोज बघितलेलं, म्हणून त्या कागदामागे लागलो. वाचत गेलो तसं एक लक्षात आलं. तीन रंगांची ती चित्रं धातूची होती आणि गुडघा किती वर्षं टिकणार हे बऱ्याच अंशी ठरवणारी वस्तू त्यांत नीट दिसतही नव्हती.

वाटी बदलतात म्हणजे नक्की काय करतात?

आपल्याकडे सरसकट "वाट्या बदलल्या" म्हणतात. खरं तर समोरची वाटी बहुतेकदा जागेवरच राहते. बदलतं ते आतलं, म्हणजे मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक. या दोन्ही टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजून हाडावर हाड घासायला लागलेलं असतं. डॉक्टर तिथलं साधारण ८ ते १० मिलिमीटर हाड कापून काढतात आणि वरून टोपण बसवतात. दातांचे डॉक्टर किडलेला दात घासून त्यावर कॅप बसवतात, तसंच. अख्खा पाय उघडून मोठा सांधा आत घालत नाहीत. मावशीला निम्मी भीती त्याचीच होती.

वरचं टोपण वळणदार असतं, बहुधा कोबाल्ट आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं. फौंड्रीवाल्यांना सांगायला हरकत नाही की ते ओतूनच करतात, पण आपल्यासारखं वाळूच्या साच्यात नव्हे. मूर्तिकार मेणाची मूर्ती करून, तिच्यावर लेप देऊन, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात, त्या जातीचं ते काम. खालच्या हाडावर धातूचीच एक सपाट बशी बसते, कोबाल्ट-क्रोमची किंवा टायटॅनियमची. या दोन धातूंच्या मध्ये पांढऱ्या प्लॅस्टिकची जाड चकती असते. तिचं नाव पॉलिइथिलीन. बाजारातली पिशवी ज्या घराण्यातली, त्याच घराण्यातलं, फक्त रेणूंच्या साखळ्या प्रचंड लांब असलेलं.

शाफ्ट आणि बुश

लेथवर काम केलेल्या कुणालाही ही जोडी ओळखीची वाटेल. पोलादी शाफ्ट फिरतो तो गनमेटलच्या बुशात. दोन्ही पोलादी ठेवले तर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून एक कठीण आणि एक मऊ. झिजायचं ते मऊ वस्तूने, कारण बुश बदलायला सोपा.

गुडघ्यातही हाच हिशेब. धातूचं टोपण म्हणजे शाफ्ट, प्लॅस्टिकची चकती म्हणजे बुश. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, जिना चढताना आणखी वाढतो. ६० किलोच्या बाईच्या गुडघ्यावर दर पावलाला दीडशे किलोच्या आसपास. वर्षाकाठी एका पायाची पावलं ढोबळमानाने १० लाख धरतात. एवढ्या घासणीत चकती थोडी थोडी झिजणारच.

मशीनमध्ये त्याचं काही वाटत नाही. तेल बदललं की चुरा निघून जातो. शरीरात तेल बदलायची सोय नाही, चुरा जागीच राहतो. इथून सगळी गोष्ट फिरते.

धातू शाबूत, तरी सांधा सैल कसा होतो?

झिजलेल्या प्लॅस्टिकचे कण फार बारीक असतात, पुष्कळसे एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, लहान. केसाची जाडी ७० मायक्रॉन धरली तर विचार करा. शरीरात बाहेरचा कचरा गिळणाऱ्या भक्षक पेशी असतात. त्या हे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. खडेबाजारात एखादी गाय प्लॅस्टिकची पिशवी खाते आणि मग पोट फुगून तडफडते, तशी या पेशींची गत होते. चिडलेल्या पेशी रसायनं सोडतात. त्या रसायनांनी हाड विरघळवणाऱ्या दुसऱ्या पेशी जाग्या होतात आणि कृत्रिम सांध्याच्या भोवतीचंच हाड खायला लागतात. भिंतीत ठोकलेला खिळा शाबूत, पण भोवतालचा गिलावाच भुसभुशीत झालेला. मग सांधा हलायला लागतो, दुखतो, आणि पुन्हा ऑपरेशन. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं, कारण आता धरायला हाड कमी उरलेलं असतं.

म्हणजे "मजबूत" आणि "टिकाऊ" या दोन वेगळ्या गोष्टी. मजबूत म्हणजे भाराखाली न तुटणं. ते गणित धातूने केव्हाच सोडवलं. टिकाऊ म्हणजे कमी चुरा करणं आणि हाडाशी गोडीगुलाबीने राहणं. गेल्या ६० वर्षांची सगळी धडपड या दुसऱ्या गोष्टीसाठी चालली आहे.

यंत्रमागावरून आलेलं प्लॅस्टिक

मावशीला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती कांडी भरायची थांबली होती. इंग्लंडात जॉन चार्नली नावाचे हाडांचे डॉक्टर होते. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी खुब्याच्या सांध्यात टेफ्लॉनची वाटी बसवायला सुरुवात केली. टेफ्लॉन म्हणजे नॉनस्टिक तव्यावरचा तो निसरडा थर. घसरायला उत्तम, पण भाराखाली भराभर झिजणारा. सुमारे ३०० जणांना तो बसवून झाल्यावर काही वर्षांतच सांधे खराब होऊ लागले. त्या चुऱ्याने शरीरात काय होतं हे पाहायला चार्नलींनी टेफ्लॉनची पूड स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. तिथे गाठ झाली.

मग १९६२ मध्ये एक विक्रेता त्यांच्या कार्यशाळेत एका नव्या प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन आला. ते लँकेशायरच्या यंत्रमागांच्या भागांसाठी वापरलं जात होतं. चार्नलींना त्यात दम वाटला नव्हता, पण त्यांच्या तंत्रज्ञाने, हॅरी क्रेव्हनने, ते मशीनवर घासायला लावलं. टेफ्लॉनच्या मानाने झीज जवळजवळ नव्हतीच. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते प्लॅस्टिक पहिल्या रुग्णाला बसलं. आज मावशीच्या गुडघ्यात जाणार आहे ते त्याच घराण्यातलं. धोटा फेकणाऱ्या पिकरलासुद्धा हेच प्लॅस्टिक चालतं, हे वडगाव-शहापूरच्या मागवाल्यांना वेगळं सांगायला नको.

प्लॅस्टिकला बाणा कसा मिळाला?

साध्या पॉलिइथिलीनमध्ये रेणूंच्या लांब साखळ्या शेजारी शेजारी पडलेल्या असतात. मागावर नुसता उभ्या धाग्यांचा ताणा लावावा आणि आडव्या धाग्यांचा बाणा भरूच नये, तसं. एक धागा ओढला की सरकन निघतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी एक युक्ती रूढ झाली. या प्लॅस्टिकवर गामा किरणांचा किंवा इलेक्ट्रॉनचा भरपूर मारा केला की साखळ्या मधे मधे एकमेकींना जोडल्या जातात, म्हणजे बाणा भरला जातो. झीज एकदम खाली येते. ऑस्ट्रेलियात सांधेबदलाच्या ऑपरेशनांची नोंदवही ठेवतात. तिथल्या १६ वर्षांच्या आकड्यांत असं विणलेलं प्लॅस्टिक बसवलेल्या खुब्यांना पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण साध्या प्लॅस्टिकच्या निम्म्याच्या आसपास निघालं.

मग एवढं चांगलं आहे तर जास्तच विणावं की? तिथे अडतं. विण घट्ट झाली की प्लॅस्टिक ताठर होतं आणि त्याला तडे लवकर जातात. खुब्यात गोळा वाटीत नीट बसतो, भार सगळीकडे पसरतो, तिथे हे खपतं. गुडघ्यात मात्र वळणदार टोपण चकतीवर सरकतंही आणि लोळतंही, आणि भार थोड्या जागेत एकवटतो. डांबरी रस्त्याचे पापुद्रे निघून खड्डे पडतात, तसे गुडघ्याच्या चकतीचे पापुद्रे निघू शकतात. म्हणून गुडघ्यासाठी विण बेताची ठेवतात, आणि म्हणूनच विणलेल्या प्लॅस्टिकचा फायदा खुब्यात जितका ठसठशीत दिसला तितका गुडघ्यात दिसलेला नाही. जाहिरातीत हा फरक सहसा नसतो.

आणखी एक भानगड होती. किरणांच्या माऱ्यात काही रेणूंचे हात मोकळे सुटतात. त्यांना हवेतला प्राणवायू मिळाला की प्लॅस्टिक हळूहळू ठिसूळ होतं. जुन्या काळी हवेतच गामा किरणांनी निर्जंतुक केलेल्या चकत्या नुसत्या पाकिटात पडून राहिल्या तरी आतून खराब होत. शेंगा-खोबरं खवट होतं त्याचाच हा प्रकार. त्यावरचा उपायही स्वयंपाकघरातला निघाला. तेलाला खवट होण्यापासून जपणारं ई जीवनसत्त्व प्लॅस्टिकमध्येच मिसळायचं. २००७ च्या सुमारास अशा चकत्या बाजारात आल्या.

मजबुतीच्या नादात हात पोळल्याचं उदाहरणही आहे. १९७० च्या दशकात याच प्लॅस्टिकमध्ये कार्बनचे तंतू घालून त्याला बळकट करायचा प्रयत्न झाला. काँक्रीटमध्ये सळई घातल्यासारखा. बळकटी आली, पण तंतू प्लॅस्टिकला नीट चिकटेनात, आणि रुग्णांच्या पायात ती चकती साध्या चकतीपेक्षा वाईट वागली.

मग प्लॅस्टिक काढूनच टाका ना!

हा प्रश्न कुणालाही पडेल, आणि हुशार लोकांनाही पडला. दोन वाटा काढल्या गेल्या.

पहिली, धातूवर धातू. कोबाल्ट-क्रोमच्या गोळ्यासमोर कोबाल्ट-क्रोमचीच वाटी, मायक्रॉनमध्ये जुळवलेली. यंत्रावर झीज फारच थोडी दिसली. पण माणसाच्या अंगात वाटी जरा तिरकी बसली की वंगणाचा पातळ थर तुटतो आणि धातू धातूला घासतो. तो चुरा प्लॅस्टिकसारखा नुसता पडून राहत नाही. कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरतात, खुब्याभोवतीचे स्नायू सडू शकतात. २०१० मध्ये असाच एक नावाजलेला खुबा जगभरातून परत मागवावा लागला. भारतातही तो बसवलेले हजारो रुग्ण होते.

दुसरी वाट सिरॅमिकची, म्हणजे भाजलेल्या मातीच्या जातीची. हे खानापूरकरांना सांगितलं की पटकन कळतं. कौल चांगलं भाजलं की त्याच्यावर ओरखडा पडत नाही, पाणी पसरून राहतं, आणि पडलं की फुटतं. सांध्यातलं सिरॅमिक अर्थात माती नव्हे, शुद्ध ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. फ्रान्समध्ये पिएर बुतां यांनी १९७० मध्ये त्याचा खुबा बसवला. झीज नगण्य, पण सुरुवातीचे गोळे फुटायचे. आता त्यात झिर्कोनियाचे, म्हणजे झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडचे, बारीक कण मिसळतात. तडा त्या कणापर्यंत आला की कण आपली रचना बदलून थोडा फुगतो आणि तड्याला चिमटीत धरून थांबवतो. मला स्वतःला या सगळ्या विषयातली ही सर्वात सुंदर कल्पना वाटते.

नुसत्या झिर्कोनियाची कथा मात्र फौंड्रीत नव्या पोरांना सांगावी अशी आहे. एका फ्रेंच कंपनीचे झिर्कोनियाचे गोळे वर्षानुवर्षं उत्तम चालले होते. १९९८ मध्ये तिने भट्टी बदलली. एकेक घाणा भाजायच्या भट्टीऐवजी सलग सरकत जाणारी बोगद्याची भट्टी आणली. पूड तीच, आकार तोच. पण काही लॉटमधले गोळे रुग्णांच्या अंगात फुटू लागले आणि २००१ मध्ये ते परत मागवावे लागले. भट्टीचा चढ-उतार बदलला की माल बदलतो, हे आपल्याकडे हेल्परलाही माहीत असतं.

गुडघ्यात सिरॅमिक फारसं वापरत नाहीत. गोळा दाब सोसतो. गुडघ्याच्या टोपणाच्या वळणावर ताण येतो, आणि सिरॅमिकला ताण सोसत नाही.

जास्त ताठ धातू हाडाला का नको?

जुवाला दोन बैल जोडलेत, एक दांडगा आणि एक बेताचा. दांडगा सगळं ओढतो, दुसरा नुसता बरोबर चालतो आणि काही महिन्यांत त्याची ताकद जाते. हाडाचं तसंच आहे. भार मिळाला तर हाड घट्ट राहतं, नाही मिळाला तर विरळ होतं. बर्लिनच्या यूलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्येच हे मांडलं होतं. कोबाल्ट-क्रोम हाडापेक्षा १० पटींहून ताठ, टायटॅनियमचा नेहमीचा मिश्रधातू ५-६ पट ताठ. हाडात ठोकलेला ताठ दांडा सगळा भार स्वतः घेतो आणि शेजारचं हाड बसून खातं.

म्हणून संशोधन उलट्या दिशेने चाललं आहे, धातूला कमी ताठ करण्याकडे. टायटॅनियममध्ये नायोबियम, झिर्कोनियम, टँटलम घालून ताठपणा निम्म्यापर्यंत आणता येतो. थ्रीडी छपाईने धातू स्पंजासारखा सच्छिद्रही करतात. त्यात दोन फायदे साधतात. एक तर तो लवचीक होतो, आणि दुसरं, छिद्रांत हाड वाढून शिरतं. आपल्याकडच्या जांभ्या दगडाच्या भिंतीवर गिलावा कसा धरतो? भोकाभोकांत शिरून. गुळगुळीत फरशीवर तो धरेल का? अजून तरी बहुतेक गुडघे हाडाला चिकटवतात ते सिमेंटने. हे सिमेंट म्हणजे ॲक्रिलिक, कवळीचा गुलाबी भाग ज्याचा असतो तेच.

मग सोनेरी आणि काळा?

सोनेरी गुडघ्यात सोनं नसतं. मावशी थोडी खट्टू झाली. आतलं टोपण तेच कोबाल्ट-क्रोमचं, वरून टायटॅनियम नायट्राइडच्या जातीचा काही मायक्रॉनचा थर. ड्रिल बिटवर सोनेरी कोटिंग असतं, त्याच कुळातला. थर कठीण असतो आणि आतल्या धातूचे अंश बाहेर झिरपू देत नाही. खोट्या दागिन्याने किंवा घड्याळाच्या पट्ट्याने ज्यांच्या अंगाला खाज सुटून पुरळ येतं, त्यांना निकेल सोसत नसण्याची शक्यता असते, आणि कोबाल्ट-क्रोममध्ये अल्पसं निकेल असतं. अशांनी डॉक्टरांना ते आधी सांगावं, त्यांच्यासाठी या थराला अर्थ आहे. बाकीच्यांत सोनेरी गुडघा साध्यापेक्षा जास्त वर्षं टिकतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

काळा गुडघा झिर्कोनियमचा. हवेत सुमारे ५०० अंशांवर तापवला की त्याच्या अंगावर सुमारे ५ मायक्रॉनचा काळा सिरॅमिक थर येतो. तापल्या लोखंडावर पापडी येते तशी, पण ही घट्ट आणि गुळगुळीत. वरून फासलेली नाही, अंगातूनच उगवलेली. तिच्यावर ओरखडे कमी पडतात, आणि ओरखडे नसले की टोपण चकतीला कानसीसारखं घासत नाही. कल्पना पटण्यासारखी आहे.

"३० वर्षे" कुठून आली? अशा टोपणाला विणलेल्या प्लॅस्टिकबरोबर यंत्रावर साडेचार कोटी फेऱ्या चालवलं गेलं. वर सांगितलेल्या ढोबळ १० लाखांऐवजी वर्षाला सुमारे १५ लाख फेऱ्या धरल्या की ३० वर्षं होतात. अशा यंत्रात वंगण म्हणून वासराच्या रक्तातला द्रव वापरतात. चाचणी खरी, पण ती फक्त झिजेची. यंत्राला जंतुसंसर्ग होत नाही, ते बाथरूममध्ये घसरून पडत नाही, त्याचं हाड विरळ होत नाही. आणि आज पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याच्या मोठ्या कारणांत संसर्ग आणि सैल होणं पुढे आहे.

अंगातल्या गुडघ्याचे आकडे हवे असतील तर २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले होते. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून १०० पैकी ८२ गुडघे २५ वर्षं टिकले, खुबे ५८. यातले गुडघे जुने, जुन्या प्लॅस्टिकचे. म्हणजे साधा गुडघासुद्धा वाईट नव्हता. आणि ते लोक खुर्चीत बसणारे, हेही लक्षात ठेवायला हवं.

त्यावरून मावशीचा पुढचा प्रश्न: "मांडी घालून बसायला येतंय की नाही?" काहींना येते. पण गुडघा पूर्ण दुमडला की भार चकतीच्या मागच्या कडेवर थोड्याशा जागेत येतो, आणि चकतीचं आयुष्य तिथेच कमी होतं. जास्त वाकणारे नमुने मिळतात, तरी रोज जमिनीवर बसून कांड्या भरणं कुठलाही डॉक्टर मान्य करणार नाही. मी तिच्यासाठी रहाटाखाली लाकडी चौथरा करून घेतला.

पैशाचं काय?

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटवर, म्हणजे आत बसवायच्या वस्तूंवर, कमाल किंमत घातली. तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमच्या पूर्ण संचाला ५४,७२० रुपये, टायटॅनियम किंवा काळ्या झिर्कोनियमच्या संचाला ७६,६०० रुपये, वर जीएसटी. हे नुसत्या वस्तूचे, ऑपरेशनचे आणि खोलीचे वेगळे. कागदावर इम्प्लांटचा भाव स्वतंत्र लिहिलेला नसेल तर मागून घ्यावा, मग ऑपरेशन बेळगावात करा की मिरजेला.

माझं मत मावशीला सांगितलं ते असं. ७० च्या पुढच्या, अंगाला पुरळ न येणाऱ्या बाईने रंगासाठी जास्त पैसे मोजू नयेत. ४५-५० वर्षांच्या माणसाचा गुडघा बदलायची वेळ आली तर काळ्याचा विचार करावा, कारण त्याला पुढे बरीच पावलं चालायची आहेत. दोघांनीही डॉक्टरांना विचारावं: चकती कुठल्या प्लॅस्टिकची, आणि तुम्ही स्वतः वर्षाला असे किती गुडघे बसवता? शाफ्ट कितीही भारी असला तरी अलाइनमेंट चुकली की बुश एका बाजूने खातो. पायाची सरळ रेषा डॉक्टरांच्या हातात असते.

मावशीचा उजवा गुडघा दिवाळीनंतर झाला, चांदीच्या रंगाचा. घरी येताना मी फाईल उघडून पाहिली. टोपण, बशी, चकती, सगळ्यांची लॉट नंबरची स्टिकर पानावर ओळीने चिकटवलेली होती. उद्या एखादा लॉट खराब निघाला तर त्या नंबरावरूनच कळणार. मी त्या पानाच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक तिच्या रेशन कार्डाच्या पाकिटात आहे, एक माझ्याकडे.